क्रेनचा हार

“क्रेनच्या गळ्यातला हार मी करत नाय,” आबा फोनवर म्हणाले. “मान असलेलं माणूस असंल तर बोला.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

माझा नवरा महेश तेव्हा शेवंतीचं कॅरेट उतरवत होता. ते त्याच्या हातातून पडता पडता राहिलं. नव्या खासदारांच्या मिरवणुकीत क्रेनला टांगायच्या मोठ्या हाराची ऑर्डर होती ती. अख्खा फुलबाजार त्या एका फोनकडे डोळे लावून बसला होता, आणि आमच्या म्हाताऱ्याने तो असा उडवून लावला होता.

“आबा, अहो, लक्ष्मी दारात आली होती,” तो म्हणाला.

“येऊ दे. पाटावर बसव, चहा पाज,” आबा म्हणाले आणि दाभणात दोरा ओवू लागले.

आबा म्हणजे माझे सासरे, गोटीराम. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा आहे आणि नाशिकच्या फुलबाजारात हारांचं दुकान. निवडून आलेल्या माणसाच्या गळ्यात पहिला हार आबांनी घालायचा, ही रीत मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीची. पक्ष कुठलाही असो, त्याच्याशी आबांना देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा असायचा फक्त कान.

हार घालून घेताना भला भला माणूस मान खाली वाकवतो आणि त्याचा कान आपसूक हार घालणाऱ्याच्या तोंडाशी येतो. तेवढ्यात आबा आपलं वाक्य म्हणून घेत. “अणुबॉम्ब आधी आपण टाकणार नाय हा शब्द मोडू नका, आन् भांडण झालं तरी बोलणं तोडू नका.” घासूनपुसून त्यांनी ते इतकं बेताचं केलं होतं की खासदाराची मान वर येईपर्यंत संपायचं. पुढे काय व्हायचं ते विचारू नका. एक खासदार म्हणाले, “होऊन जाईल, अर्ज देऊन ठेवा.” दुसऱ्यांनी मागे वळून आपल्या माणसाला सांगितलं, “यांच्या नळाचं बघा जरा.” तिसऱ्यांना बहुतेक ऐकू कमी येत असावं, कारण त्यांनी आबांना कडकडून मिठी मारली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं प्रतिभाताईंनी, असं आम्ही घरात म्हणायचो. प्रतिभाताई निवृत्त शिक्षिका. त्यांची ‘युद्ध नको समिती’ आहे. समितीत माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दर ऑगस्टमध्ये, हिरोशिमाच्या दिवशी, ही मंडळी फलक घेऊन चौकात उभी राहतात. बंदोबस्ताला पोलीस आला की गर्दी झाल्यासारखी वाटते. आबा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून जातात. बाजारातले लोक विचारतात, “काय आबा, अमेरिकेला काय निरोप?” खोटं कशाला बोलू, मीही त्या हसणाऱ्यांतलीच होते.

पण या खेपेला आबा घायकुतीला आले होते. दिल्लीत सरकार बदललं होतं. पलीकडच्या देशातही नवा माणूस खुर्चीवर बसला होता. जुन्यांनी अण्वस्त्रांबद्दल सुरू केलेली बोलणी अर्ध्यावर लोंबकळत राहिली होती आणि टीव्हीवर जो तो दंड थोपटत होता. त्यात आमच्या मतदारसंघातही बदल झाला. मंगलाताई पहिल्यांदाच निवडून आल्या. म्हणजे कान नवा, कोरा. आणि नेमका आत्ताच तो क्रेनने पळवला होता.

संध्याकाळी प्रतिभाताई दुकानात आल्या. महेशने त्यांना सगळं सांगितलं, आबांची तक्रार केल्यासारखंच.

“आबा,” त्या म्हणाल्या, “शब्द दिलेली माणसं घरी गेली. आता नवी जी जातील त्यांच्या कानावर घालायलाच हवं ना? मग क्रेनवर कसले रुसता?”

“बाई, त्या क्रेनच्या हारात माणूस खाली उभा ऱ्हातो, हार वर टांगलेला. कान कुठं सापडायचा?”

“हार क्रेन नेईल हो. तो खांद्यावर नीट बसवायला कुणीतरी लागेलच की.”

आबांनी दाभण खाली ठेवलं. मग मला म्हणाले, “पल्लवी, लाव गं त्या लोकांना फोन.”

ठरलं ते असं. हार आबा करतील, पण जीपमध्ये मंगलाताईंच्या शेजारी ते स्वतः उभे राहतील. पक्षवाल्यांनी लगेच मान्य केलं. फोटोत ताईंच्या शेजारी आपल्यातला कुणी दिसला तर दुसरा रुसेल, त्यापेक्षा माळी बरा, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोरखंड अंथरला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती झेंडूच्या माळा गुंडाळायला बसलो. शेजारपाजारच्या बायकाही आल्या. हार मांडीएवढा जाड झाला आणि अंगणभर पसरला. दुपारी क्रेनवाला धोंडीराम बघायला आला.

“झकास झालाय आबा. फकस्त खाली सरकगाठ मारा. फोटो झाले की पोरं ती वढतील, हार मोकळा.”

“सरकगाठ फासाला मारतात,” आबा म्हणाले. “माणसाच्या हाराला नाय.”

“अहो, पण समदे तशीच मारतात.”

“मारू दे. माझ्या बापानं नाय मारली.”

धोंडीरामने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. आबांनी दोरखंडाची दोन्ही टोकं एकमेकांत पिळून, वर सुतळीचे वेढे देऊन अशी पक्की गाठ मारली की बैलजोडी लावली तरी सुटली नसती.

मिरवणूक शालिमार चौकापासून निघाली. मी जीपमध्ये पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर पाकळ्यांची पाटी घेऊन बसले होते. मागे उघड्या भागात लोखंडी दांडा धरून मंगलाताई उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील, उन्हाने रापलेला चेहरा, आणि नमस्कार करून करून हात जडावलेले. त्यांच्या शेजारी आबा, धुतलेल्या सदऱ्यात.

हार वरून हळूहळू खाली आला. लोक ओरडले, फटाके फुटले, मी पाकळ्या उधळल्या. ताईंनी सवयीने मान वाकवली, आबा पुढे झाले, आणि हार दोघांच्याही डोक्यांवरून खाली उतरून दांड्यासकट कमरेपाशी बसला. धोंडीरामने आकडा काढला. फोटो झाले. मग दोन पोरं जीपवर चढली आणि हार चाचपायला लागली.

“आबा, गाठ कुठंय?”

“ही काय.”

“वढायची कुठून?”

“वढायची नायच. पक्की हाय.”

दोघांनी मिळून हार उचलून बघितला, पण तो हलेना. क्रेन परत बोलवावी तर मागे माणसांचा लोंढा, आणि पुढची गल्ली क्रेन जाईल एवढी रुंद नाही. एकाने खिशातून चाकू काढला. तेवढ्यात खालून एक म्हातारी म्हणाली, “आरं, जिंकल्याचा हार कापतो? पयल्याच दिवशी?” झालं. चाकू मुकाट्याने खिशात गेला. हाराखालून वाकून बाहेर पडणं आबांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

“राहू दे,” मंगलाताई म्हणाल्या. “ऑफिसला पोचल्यावर बघू. चला.”

जीप निघाली. डीजेची गाडीही क्रेनच्या मागे अडकली होती, त्यामुळे आमच्याभोवती नुसता माणसांचा आवाज होता. मागचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

“काका, तुमच्यामुळे आपण दोघं अडकलो,” ताई हसत म्हणाल्या.

आबांनी आपलं वाक्य म्हटलं. एका दमात, कानाशी, जसं ते जन्मभर म्हणत आले होते.

ताईंनी ऐकलं. गच्चीवरच्या बायकांना हात केला. मग म्हणाल्या, “बरं. आणि?”

“आन् काय?”

“तुमचं काम काय?”

“हेच की.”

“नातवाची ॲडमिशन, कुणाची बदली, पाण्याचं काही?”

“नाय.”

“एवढंच?”

“हे थोडं हाय का, ताई?”

त्यावर ताई रस्त्यावरच्या लोकांना नमस्कार करू लागल्या. माझा जीव टांगणीला लागला. इतकी वर्षं हा माणूस कुरकुरायचा की मला वेळ मिळत नाही, आणि आज अख्खा रस्ता पुढ्यात असताना त्यांच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. मला मागे वळून त्यांना ढोसावंसं वाटत होतं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं, काका?” ताईंनीच विचारलं. “पक्षाबिक्षात आहात का कुठल्या?”

“नाय ओ,” आबा म्हणाले. “जपानहून एक म्हातारी आली होती इथं. शाळेतल्या पोरांशी बोलायला. प्रतिभाताईंनी हार सांगितला, म्हणून मी घेऊन गेलो. मला काय ठाव कोण हाय, कुठली हाय. घातला. तर तिनं अशी मान आकसली.” आबांनी खांदे वर घेऊन दाखवलं असणार, कारण आरशात हार हललेला दिसला. “म्या जन्मभर मानाच बघतोय, ताई. घामाच्या, चंदनाच्या, साखळ्यांच्या. तशी मान नाय बघितली. कातडी वितळून परत गोठल्यावाणी. बॉम्ब पडला तवा ती शाळेत जाणारी पोर होती म्हणं. म्हातारी झाली, तरी झेंडूची पाकळी सोसत नव्हती तिला.”

“मग काढला हार?”

“म्या काढायला गेलो, तर हात धरला माझा. नको म्हणाली. मला वाईट वाटंल म्हणून, ताई. भाषण संपेस्तोवर घालून बसली. हसत.”

मी पाटीत हात घातला तो तसाच राहिला. आबांनी हे घरात कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. ऑगस्ट आला की फक्त चेष्टा केली. मला फार लाज वाटली, आणि त्या क्षणी त्या म्हाताऱ्या माणसाची इतकी माया आली की डोळे भरले. ड्रायव्हर म्हणाला, “वहिनी, पाकळ्या टाका की.” मी टाकल्या.

मग मंगलाताई म्हणाल्या, “काका, खोटं कशाला सांगू? मी नवीन. मला बसवतील सगळ्यात मागे. कोण ऐकणार माझं?”

“मागून आवाज येत नाय का?”

“येतो. पण हसतील लोक.”

“हसू द्या. मला तर घरचेबी हसतात.”

मी पुढे बघत राहिले.

“प्रयत्न करते,” ताई म्हणाल्या.

“मागचे समदे करून टाकतो म्हणाले होते,” आबा म्हणाले. “प्रयत्न म्हणाल्या त्या तुम्हीच पयल्या.”

ऑफिसपाशी चौघा गड्यांनी हार अलगद वर उचलला आणि दोघं बाहेर आले. बाजारात पुढे कितीतरी दिवस तोच विषय होता. धोंडीरामने त्या फोटोचं मोठं चित्र करून क्रेनवर लावलं. आबांना लोक ‘खासदारांबरोबर सजा भोगलेले’ म्हणू लागले आणि आबा त्यावर मनापासून खूश होते.

मग नेहमीचे दिवस सुरू झाले. गणपती झाले, दसरा झाला. पलीकडच्यांशी बोलणी होणार असं टीव्हीवर कधी म्हणत, कधी नाही म्हणत. आबा रोज बातम्या बघून मान हलवायचे आणि हार करायला बसायचे. मंगलाताईंचं नाव ते घेत नसत. मीच एकदा विचारलं, “आबा, काही बोलल्या का हो त्या?” ते म्हणाले, “वेळ लागतो गं. मागच्या बाकापर्यंत पाळी यायला.”

डिसेंबरातल्या एका दुपारी प्रतिभाताईंचा फोन आला. “पल्लवी, संसदेचं लाव. लवकर.”

मी मोबाइल गजऱ्यांच्या टोपलीला टेकवून ठेवला. सभागृह जवळजवळ रिकामं होतं. पुढच्या बाकांवर कुणी मोबाइल बघत होतं, कुणी जांभया देत होतं. सगळ्यात मागे मंगलाताई उभ्या होत्या, हातात कागद नाही, दोन्ही हात बाकावर घट्ट ठेवलेले. त्यांना घाम आलेला इथून दिसत होता. बाजूचा एक जण काहीतरी बोलला आणि दोघं-तिघं हसले. ताई थांबल्या नाहीत. नाशिकला हार करणारे एक काका आहेत, असं त्या म्हणाल्या, आणि त्या म्हातारीच्या मानेचं सगळं सांगितलं. हसणारे मान वळवून ऐकू लागले.

आबा उभे राहिले. दुकानात गुडघे वाकवून बसलेला माणूस सहसा उठत नाही, पण आबा उठले. महेशही कॅरेट टाकून आला.

तिकडे घंटी वाजली. वेळ संपली, असं अध्यक्ष म्हणाले. “एकच वाक्य,” ताई म्हणाल्या. पुन्हा घंटी वाजली. “अणुबॉम्ब आधी आपण टाकणार नाही, हा शब्द मोडू नका...” आणि त्यांचा माइक बंद झाला. आवाज गेला, पण त्या खाली बसल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते.

“गजरा केवढ्याला?” समोर एक बाई पिशवी धरून उभी होती.

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “आन् भांडण झालं तरी बोलणं तोडू नका.”

मग त्यांनी खाली बसून त्या बाईसाठी गजरा काढला.