तिसरी मेणबत्ती आणि झारी

काडेपेटीच्या खरखरीत कडेवर दोन रेघा होत्या, मागच्या दोन सोमवारच्या. दोन्ही वेळा काडी ओढली तेव्हा छोटी मार्नी उठून बाहेर गेली होती आणि मेणबत्ती विझेपर्यंत पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभी राहिली होती.

वेरेनाने काडेपेटी मुठीत झाकली. ती शिकवत असलेल्या बालवाडीतली अकरा मुलं सतरंजीवर गोल बसली होती. मध्ये पाइनच्या फांद्यांचं कडं, त्यात नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या चार मेणबत्त्या. आज तिसरी, गुलाबी. या महिन्याचा विषय प्रकाश — बॅटरीवर तळहात धरून लाल झालेली बोटं पाहायची, खिडकीला रंगीत कागद लावायचे, घोंगडीखाली शिरून अंधार कसा असतो ते बघायचं... या सगळ्यात मार्नी पुढे. फक्त ज्योत नको.

मागच्या डिसेंबरमध्ये, इथल्या ऐन उन्हाळ्यात, याच सतरंजीवर, तिने विचारलं होतं, आग इथपर्यंत येईल का? आणि वेरेना, आपली आई लहानपणी समजूत घालायची त्याच आवाजात, म्हणाली होती, नाही गं, इथे नाही येत. अकरा दिवसांनी डोंगर पेटला. मार्नीच्या घराचा न्हाणीतला टब तेवढा उरला. मी खोटं बोलले नव्हते, मला तसंच वाटत होतं... पण वाटणं आणि असणं यांतला फरक त्या एवढ्याशा मुलीला कोणी सांगायचा होता — मीच ना?

"वेरेना, बाण कुठेय आज?" मार्नीने विचारलं.

वणव्याचा आज किती धोका ते दाखवणाऱ्या, रस्त्याकडेच्या फलकावरचा बाण. इथली मुलं रंग आधी त्यावरच शिकतात. हिरव्यावर, असं म्हणून टाकणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"पिवळ्यावर."

"आणि वारा?"

"दुपारनंतर सुटेल. उत्तरेकडून."

मार्नी उठली. वेरेनाची नजर तिच्या आधीच दाराकडे गेली — आता तिसरी रेघही तशीच जाणार. पण मार्नी नळाशी गेली, झारी काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी, सांडत सांडत, घेऊन आली.

"आली बघा बंबवाली," एडा म्हणाली.

"तुझी वेणी पेटली की मलाच हाक मारशील."

एडाने वेणी गुपचूप कॉलरमध्ये खोचली.

"आता पेटव," मार्नी म्हणाली. ती झारीची मूठ धरून बसली होती.

काडी ओढली. सकाळच्या लख्ख उन्हात ज्योत जवळजवळ दिसतच नव्हती. फक्त मागच्या भिंतीवर तिची सावली पाण्यासारखी हलत होती. मार्नी त्या सावलीकडेच बघत राहिली.

"तुला भीती वाटते?" तिने हळूच विचारलं.

प्रकाश आपला मित्र असतो, भ्यायचं नसतं — तीस वर्षं मुलांना सांगितलेली वाक्यं जिभेवर तयार होती, आयती, गुळगुळीत...

"हो," वेरेना म्हणाली. "वाटते."

"मग धर." मार्नीने हात सरकवून मुठीवर जागा केली.

मूठ ओली, गार होती. खिडकीबाहेर निलगिरीचा शेंडा आत्ताच जरासा हलला होता. वेरेनाने तो पाहिला, मार्नीनेही. आणि आपण पाहिलं नाही असं दाखवायची वेरेनाला या वेळी गरज वाटली नाही.