व्दोव्याक म्हणजे विधवेचा

पालमला आमच्या किराणा दुकानात नवखा माणूस आला की आधी आडनाव विचारतात. त्याशिवाय माणूस आमच्या लोकांना पचतच नाही. पवनचक्क्या उभारायला आलेला पोलंडचा इंजिनियरही सुटला नाही. "व्दोव्याक," तो म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, लगेच अर्थ विचारला.

मोडक्या हिंदीत तो सांगू लागला. फार पूर्वी त्यांच्या घराण्यात एक बाप मेला. आई विधवा, पोर लहान. गाव त्या पोराला 'विधवेचा' म्हणू लागलं, तेच पुढं आडनाव झालं. आता दारावरच्या पाटीवरही तेच. लाज वाटत नाही का, हा मामंजींचा प्रश्न त्याला कळलाच नाही.

माझी धाकटी जाऊ त्रिवेणी आत डाळ निवडत होती, मांडीवर तान्हं पोर. महांतेश भावजी अपघातात गेले तेव्हा तिला दिवस गेलेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामंजींनी तेवढंच धरून ठेवलेलं. आम्हा लिंगायतांत बारशाला स्वामी येऊन लेकराच्या गळ्यात लिंग बांधतात, पण घरच्या कर्त्यानं बोलवावं लागतं. आणि आमचे कर्ते पक्के अडेलतट्टू. "लेकरू महांतेशचंच कशावरून?" एवढाच धोशा.

त्रिवेणी पोराला घेऊन बाहेर आली.

"मामंजी, तुमचं आडनाव नका देऊ. इधवेचा म्हणा. पर लेकराला लिंग बांधा."

गिऱ्हाइकांसमोर सून बोलली! मामंजी लालबुंद झाले.

"मंग ऱ्हाऊ दे इधवेचाच. या घरात स्वामी यायचा न्हाई."

मी स्वतः स्वामींकडं गेले. थोरल्यांना सांगू द्या, म्हणाले. पुढच्याच आठवड्यात पोराला ताप भरला. परभणीला नेलं, पण ते हाती लागलं नाही.

लिंग नसलेलं लेकरू रुद्रभूमीत, समाजाच्या दफनभूमीत, पुरता येत नाही, असं समाजातल्या चार शहाण्यांनी सांगितलं. शेताच्या बांधाला खड्डा घेतला. तेवढ्यात वरातीमागून घोडं आलं. मामंजी, मागं स्वामी. मामंजींच्या हातात चांदीच्या डबीत लिंग, डोळ्यांत पाणी. मला त्यांची जराही कणव आली नाही.

"थांबा, माझा नातू हाय त्यो. रुद्रभूमीत निऊ."

"जित्तं व्हतं तवा कोण व्हतं?" त्रिवेणी म्हणाली.

स्वामींनी हळूच विचारलं, "लेकराचं नाव काय?"

मामंजींनी तिच्याकडं पाहिलं. बारसंच झालं नव्हतं. त्रिवेणीनं पोराचं तोंड झाकलं, त्याला छातीशी धरून खड्ड्यात उतरली आणि त्याला निजवून हातानं माती ओढायला लागली.