न संपणारा खण

रविवारी जेवणं आटोपल्यावर शैलजा खरमाटेनं कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला, आणि तो संपेचना.

दोन हात झाला, पलंगापर्यंत आला. पेपर वाचत बसलेल्या दिगंबररावांनी पाय वर घेतले.

“संपला का?”

“नाही अजून.”

कडी हातात होती, म्हणून ती मागं मागं चालत राहिली. खण दारातून बाहेर पडला आणि जिन्याच्या वळणावर ओल्या कापडासारखा वळला. शेजारच्या नसीमाभाभींनी वाळत घातलेल्या कुरडया उचलून वाट करून दिली. खणात मागच्या वर्षी मोडलेला चष्मा होता, शिवणक्लासची पहिली पाटी होती, रुमालात बांधलेले हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. प्रत्येक वस्तू पाहताना शैलजाला बरं वाटत होतं. एक्कावन्न वर्षांत एवढं काही जमलं असेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

ती फाटकाशी पोचली तेव्हा वरून दिगंबररावांनी हाक मारली.

“अगं, वर ये. इथं तू बसलीयेस.”

कपाटापाशी, खणात पाय दुमडून, तेवीस वर्षांची शैलजा बसली होती. अंगावर पिवळा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या. हातात भामरागडच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र.

“उद्या हजर व्हायचंय,” ती म्हणाली. “पाचची गाडी आहे. मागच्या खेपेला अडवलंस, तसं आता अडवू नकोस.”

“तेव्हा लग्न ठरलं होतं गं.”

“कुणाशी?”

शैलजानं दिगंबररावांकडं बोट दाखवलं. मुलीनं त्यांना नीट न्याहाळलं.

“चांगले वाटतात.”

“आहेतच.”

मुलगी चपला शोधू लागली, तशी खोली आवळायला लागली. पलंग भिंतीत अर्धा शिरला. तिघांचे गुडघे एकमेकांना टेकले. दिगंबररावांनी चहाचा कप उचलला आणि आपल्या बोटांकडं पाहिलं.

“माझी बोटं पुसट झालीत,” ते म्हणाले. “पण कप धरता येतोय.”

शैलजानं पत्राकडं पाहिलं. मुलगी गेली, तर हा माणूस कधी भेटलेलाच नसणार. पत्र फाडायला क्षणही लागला नसता. तिनं हात पुढं केला आणि पाहिलं, तर मुलीच्या नखांत शाई होती. नाव चुकू नये म्हणून तिनं रात्रभर हजर होण्याचा अर्ज पुन्हा पुन्हा लिहिला होता. ते शैलजा विसरूनच गेली होती.

तिनं हात मागं घेतला आणि थालीपीठ थापायला घेतलं.

“न गेल्याचं तुला वाईट वाटलं का गं?” मुलीनं खाता खाता विचारलं.

“दोन वर्षं रोज वाटायचं. मग कधीमधी. आता कितीतरी दिवसांत नाही.”

“मग मी जाऊ की नको?”

शैलजानं नवऱ्याकडं पाहिलं. ते मनगटापर्यंत काचेसारखे झाले होते.

“जाऊ दे तिला,” ते म्हणाले. “माझं सावकाश चाललंय. घाई नाही.”

“अहो, पण तुम्ही...”

“अठ्ठावीस वर्षं झाली की आपल्याला. ती कुठं जातायत?”

शैलजानं उरलेली थालीपीठं डब्यात भरली, मुलीच्या वेण्या सारख्या केल्या, कपाळावरचे केस मागं सारले.

“पोचलीस की कळव.”

“कुणाला?”

शैलजा हसली. मुलगीही हसली, तशीच, एका बाजूनं. मग खणातून चालत, बांगड्या-पाट्या ओलांडत, ती जिना उतरून गेली.

खोली आता दोन खुर्च्यांएवढी उरली होती. शैलजा दिगंबररावांशेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला. हात नेहमीसारखा ऊबदार होता. त्याच्या आरपार तिला स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसत होत्या, आणि त्या हळूहळू जागा बदलत होत्या.