सध्याचा वापर

"मावशी, जरा ताणून धरा," असे ओरडत हेमकांत मोजणीची फीत घेऊन उताराने खाली सरकत गेला.

फितीचे दुसरे टोक दगूबाईंच्या डाव्या मुठीत होते. उजव्या हातात झारा. टपरीतली कढई तापली होती आणि सून ममता कांद्याची भजी सोडत होती.

हेमकांत नगरपालिकेच्या नगररचना शाखेत नुकताच रुजू झाला होता. गोमाई नदीच्या काठावरची सरकारी जागा मोजून तिचा तक्ता भरायचा, एवढेच त्याचे काम. नवी नियमावली साधी होती. लोकांची जुनी वहिवाट असेल तर जागा कायम मोकळी ठेवायची; नसेल तर पूररेषेच्या वर गाळे बांधता येतील, आणि काठावर आधीपासून टपरी असेल त्याला पहिला गाळा. टपरी एकच होती. ममताने शटरचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. मोरपिशी.

मोजणी संपवून तो बाकावर बसला आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात एक शब्द लिहिला.

"काय लिखं, भाऊ?" दगूबाईंनी विचारले.

"निरंक. म्हणजे वापर काही नाही."

दगूबाई मोठ्याने हसल्या. "काहीच नही? मंग ह्या गोधड्या काय उडीसन उन्यात?"

उतारभर धुतलेल्या गोधड्या वाळत पडल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत एक मुलगी सायकल शिकत होती, पडत होती, पुन्हा चढत होती.

"उन्हायामा पापड, कुरडाया. आखाजीले त्या निंबले झोका. लिखा ना!"

पापड, कुरडया, अक्षय्य तृतीयेचा झोका. हेमकांतने पेन टेकवले, पण लिहिले नाही.

"लिहितो, मावशी. पण मग गाळे होणार नाहीत. ही टपरीही काढावी लागेल. चाकांवरची गाडी चालेल, पक्के काही नाही."

दगूबाईंचे हसू थांबले. त्यांनी तळून झालेली भजी उगाच पुन्हा उलटली. सुनेकडे पाहणे टाळले.

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "जे लिखं ते लिखं."

साक्षीदाराची सही हवी होती. दगूबाईंना लिहिता येत नव्हते. ममता बारावी झालेली. तिने पिठाचे हात धुतले, कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. एका शब्दाशी तिचे बोट थांबले.

"आत्या, तुम्ही माले पहिल्यांदा कोठे देखं?"

"आते हाई काय इचारस?" दगूबाई पुन्हा खुलल्या. "पल्याडना काठवर. आखाजी व्हती. भाऊ, हिनी आमना झोकावरन्या पोरीसले अश्या शिव्या दिध्यात, अश्या शिव्या दिध्यात! मी तवयच म्हनं, सून करसू ते हाईलेच."

ममताने कागद सही न करताच परत दिला.

"ते लिखा, साहेब."

"शिव्या?"

"वरसोवरस चालतस. दोन्ही काठन्या."

हेमकांतही याच भागातल्या धानोऱ्याचा; आखाजीला दोन काठांवरच्या बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या बहिणी काय काय गात, तेही पाठ होते. तरी त्याने चेहरा सरळ ठेवला.

"शेजारी पुराव्याचा रकाना आहे, वहिनी."

ममताने त्याच्याकडे पाहिले, मग सासूकडे. पदर खोचला आणि गोधड्या चुकवत थेट पाण्याच्या कडेला गेली. पलीकडे चार-पाच बायका धुणे आपटत होत्या. तोंडाशी हात धरून तिने लांब हेल काढला.

"तुमनी भाकर फुगस का नही वं, पल्याडन्या!"

धुणे थांबले. एक जण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोन, ममता का वं? माहेर इसरी गई! आमले पल्याडन्या म्हनस!"

ममताने तोंडाशी धरलेला हात खाली घेतला. मग मान मागे टाकून अशी हसली की सायकलवरची मुलगीही थांबून बघू लागली.

दगूबाई टपरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. धूर तर तिकडे येत नव्हता.

हेमकांतने 'निरंक'वर आडवी रेघ मारली आणि लिहायला घेतले. रकाना लवकरच भरला. त्याने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिला. नदीवर शिव्यांची दुसरी फेरी सुरू झाली होती.