श्राद्धाचं पान आणि आप्पांची गोळी

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि स्वतःभोवतीच गरगरत राहिलं. दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज. मोहिनी लेकीला थोपटत पडली होती. स्वानंदीचा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून ती श्वासही जपून घेत होती. सासूबाई भजनाला गेलेल्या. म्हणजे स्वयंपाकघरात आप्पाच.

रावजींकडच्या श्राद्धाचं जेवून आलेले दिसतात, आणि आता वर डबे हुडकताहेत, असं मनाशी म्हणत ती उठली.

पितृपक्ष चालू होता. पंचवटीत हा पंधरवडा म्हणजे आप्पांची, तिच्या सासऱ्यांची, वेणीमाधव गुरुजींची, धावपळ. श्राद्धाला क्षण, म्हणजे आमंत्रण, देऊन बोलावलेला ब्राह्मण जेवला की घरचे पितर जेवले, अशी रीत. म्हणून त्यानं पानावर बसेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, आणि बसल्यावर वाढलेलं टाकायचं नाही. पानात खीर ठरलेली. मधुमेही माणसानं हे कसं निभवायचं, ते कुठल्याच पोथीत नव्हतं. गेल्या पितृपक्षात आप्पांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती दिवाळी उलटली तरी सुकेना. डॉक्टर अंगठा काढायची भाषा करू लागले होते. अंगठा कसाबसा वाचला, पण मोहिनीनं धसका घेतला.

तेव्हापासून दर गुरुवारी ती गल्लीतल्या मारुतीच्या ओट्यावर साखरवाल्या म्हाताऱ्या मंडळींना जमवी. बोट टोचून यंत्रावर साखर बघायची, किती आली ते न लाजता सगळ्यांना सांगायचं, आणि ज्याला वाकता येत नाही त्याचे तळवे शेजाऱ्यानं बघायचे. आप्पांच्या वाट्याला मोतीराम आले, एसटीतून निवृत्त झालेले, मूळचे कळवणकडचे. पहिल्या दिवशी आप्पांनी पाय मागे ओढला होता.

"अहो मोतीराम, पाय काय धरताय."

"धरू द्या गुरुजी. लोकं पुण्यासाठी धरत्यात, मी भेगा बघाया धरतो." मग तळव्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "पण तुमचं लय अवघड हाय. खीर खायची पितरांनी आन् साखर वाढायची तुमची. ह्यो कुठला न्याय?"

ओटा हसला. हसू दाबत आप्पाही हसले.

मोहिनीचं तिथलं पालुपद ठरलेलं. ज्याची साखर, त्यानंच सांभाळायची. घरच्यांनी पोलीस व्हायचं नाही. हे सांगणाऱ्या मोहिनीनं पितृपक्ष लागताच साखरेचा डबा आपल्या कपाटात, साड्यांच्या मागे नेऊन ठेवला होता.

स्वयंपाकघरात आप्पा फडताळाला धरून उभे होते. डबे उघडे पडलेले, ओट्यावर रवा सांडलेला.

"आप्पा, आता काय हवंय?"

"साखर."

"अहो, खीर झाली ना आत्ता?"

त्यांनी मान हलवली. जीभ जड झाली होती. "पान... अजून वाढलंच नाही. रावजींचा मुलगा... मुंबईहून यायचाय."

तेव्हा तिला कपाळावरचा घाम दिसला, भिजलेलं उपरणं दिसलं, फडताळावरचा थरथरता हात दिसला. सकाळची गोळी रोजच्यासारखी तिनंच त्यांच्या हातावर ठेवली होती. त्यांनीही ती रोजच्यासारखी घेतली होती. आणि तेव्हापासून पोटात अन्नाचा कण नाही. साखर पार उतरली होती.

ती कपाटाकडे धावली. साड्या खाली पडल्या, त्या तिनं तशाच तुडवल्या. पेलाभर पाण्यात साखर ढवळली, आप्पांना भिंतीशी बसवलं आणि पेला त्यांच्या ओठांशी धरला. ते घोट घोट प्यायले. हळूहळू हाताची थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला.

"कुठे ठेवली होतीस?"

"माझ्या कपाटात."

आप्पांनी रिकामा पेला खाली ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"गुरुवारी तूच सांगतेस," ते म्हणाले. "हात कापायला लागले की थांबायचं नाही, साखर तोंडात टाकायची. रावजींकडे मागून पानाआधी तिथंच खाल्ली असती, तर त्यांच्या मनाला लागलं असतं. आपलं घर मागच्याच गल्लीत, म्हणून जरा घरी जाऊन येतो म्हटलं आणि उठलो. तोंड उष्टं झालं की पानावर बसता येणार नाही, हे जाणूनच उठलो. घरी आलो तर साखर नाही."

"चुकलं, आप्पा."

"माझंही चुकलं. उपाशी राहायचंय हे ठाऊक असताना गोळी कशाला गिळली मी?"

तिनं पोळीभाजीचं ताट पुढे केलं. "तुम्ही खा. मी रावजींना फोन करते. पोट बिघडलंय म्हणून सांगते."

"तू नको," म्हणत आप्पा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी स्वतः फोन लावला.

"रावजी, मी वेणीमाधव. मला आज पानावर बसता येणार नाही. मला मधुमेह आहे. साखर उतरली, म्हणून खावं लागलं." मधुमेह हा शब्द मारुतीच्या ओट्याबाहेर त्यांनी आजवर उच्चारला नव्हता. यजमानांच्या कानी गेलं तर बोलावणी बंद होतील, ही भीती मोहिनीला माहीत होती. "दुसरे कुणी मिळतात का बघा. मंत्र सांगायला येईन मी. पानावर मात्र नाही."

पलीकडचे बराच वेळ बोलत होते. आप्पा नुसतं हं हं करत राहिले, मग त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले?"

"ऐन पितृपक्षात आयत्या वेळी ब्राह्मण मिळायचा कुठून, म्हणाले. बघतो म्हणाले. पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत." ते ताटावर बसले. "पण बोलावलं कुणी, तर आधीच सांगेन. गोळी पानाबरोबर, आणि खीर चमचाभरच. चालत असेल तर चाललं."

मोहिनी त्यांना भाजी वाढत होती, तेवढ्यात स्वानंदी डोळे चोळत दारात आली. आजोबांच्या ताटाकडे ती बघत राहिली.

"आई, आजोबा रावजीकाकांच्या बाबांचं जेवण जेवायला गेले होते ना?"

"हो."

"आणि आता आपलं जेवतायत?"

"हो गं राणी."

स्वानंदीनं आजोबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मग ते बाबा आज कुणाच्या तोंडानं जेवणार?"