तळव्याचा कागद

चू-फेनने सातवा रोखा टेबलावर आपटला. दोउसाहेबांच्या पेल्यातलं गरम पाणी हिंदकळलं.

"हे सात. आठवा हिला विचारा."

तिची धाकटी जाऊ युन-ह दाराशी पेरणीच्या शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही.

दोउ झेंगझौहून आले होते. रेल्वेचे जुने कर्जरोखे जमवायचे. कागदावर फ्रेंच अक्षरं, इंजिनाचं चित्र, कडेला न कापलेली व्याजाची कुपनं. या बायकांचे सासरे त्याच लाइनवर कारकून होते.

"क्रमांक सलग आहेत," दोउ म्हणाले. "मधला एकच नाही."

"हिने विकून खाल्ला. लढाईत सगळ्यांची हाडं निघालेली, हिचे गाल तेवढे भरलेले!"

"गाल माझ्या आईचे, जाऊबाई. तुमची जीभ कुणाची, ते नाही ठाऊक."

दोउंनी घाईने विचारलं, आणखी काही जुने कागद आहेत का. चू-फेनने घरच्यांचे जोडे शिवायच्या मापांची वही आणली. वर्तमानपत्रातून कापलेले तळवे पानापानांत ठेवलेले: मुलाचे, सुनेचे, नातवंडांचे. तळाशी एक मोठा, जाड कागदाचा.

"त्याला हात नका लावू. आमच्या ह्यांचा आहे."

जपानी फौज कैफेंगपर्यंत आली, तेव्हा गावातले पुरुष रूळ उखडायला गेले होते. चू-फेनचा नवरा नवे जोडे घालून गेला. परत आला नाही.

दोउंच्या बोटांनी तळवा तोवर उलटला होता. टाचेवर इंजिनाची चाकं, चवड्याशी क्रमांक. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तळवा अलगद सात रोख्यांशेजारी ठेवला.

चू-फेन चित्राकडे पाहत राहिली.

"मला कुठे वाचता येत होतं," ती म्हणाली. "जाड होता. जाड कागदाचं माप हलत नाही."

युन-ह उठली. आतल्या पेटीतून तिने एक घडी आणली आणि टेबलावर उलगडली. एका कडेने करपलेला रोखा. मधोमध पावलाएवढं भोक.

"उरलेला तुम्ही चुलीत घातला होतात. मी ओढून काढला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मामंजी काठी घेऊन विचारत होते. तुम्हाला आठवा महिना होता."

चू-फेनने तळवा भोकात बसवला. चाकं इंजिनाला जाऊन मिळाली. तिने अंगठ्याने कडा दाबली, पुन्हा दाबली.

"म्हणजे कागद इतकी वर्षं तुझ्याकडेच होता."

"होता."

"चोरटी."

"मागून चिकटवून घेता येईल," दोउ हळूच म्हणाले. "मी घेईन."

"सातच न्या."

युन-ह शेंगांच्या टोपलीकडे परतली. चू-फेनने तळवा आत ठेवून रोख्याची घडी घातली, ती वहीत सरकवली आणि दाराशी जाऊन दुसऱ्या पाटावर बसली.

"सरकव ती टोपली. सकाळपासून निम्म्यासुद्धा झाल्या नाहीत तुझ्या."