पूर्वीइतकी खोल नाही

यूनुस तांडेल वीस वर्षं रेवदंड्याच्या खाडीतून गलबत नेत-आणत होता. एकोणीसशे तीसच्या सुमारास उतारूंच्या लाँचवर ती चालवणाऱ्या सारंगाची जागा निघाली. त्यासाठी मुंबईला तोंडी परीक्षा द्यावी लागे. गोरा साहेब इंग्रजीत विचारी, दुभाष्या मराठीत सांगे.

साहेबाने विचारलं, रेवदंड्याच्या खाडीत शिरायला खोल वाट कोणती?

यूनुस म्हणाला, "उत्तरेची वाट आता पूर्वीइतकी खोल न्हाय. दक्षिणेची तिच्यापेक्षा खोल हाय."

दुभाष्याला घाई होती. उत्तरेची वाट खोल नाही, एवढंच त्याने इंग्रजीत सांगितलं. समोरच्या नकाशात तर तीच वाट सगळ्यांत खोल दाखवलेली. ज्याला आपली खाडी ठाऊक नाही त्याच्या हाती माणसं कशी सोपवायची, म्हणत साहेबाने त्याला नापास केलं. आत नेमकं काय बोललं गेलं ते दारावरच्या शिपायाने यूनुसला नंतर सांगितलं.

घरी आल्यावर तो बायकोला, रहिमुन्निसाला म्हणाला, "चूक माझी असती तर गप बसलो असतो. आता ते मी माझ्या तोंडानं इंग्रजीत सांगणार."

अलिबागच्या शाळेतून निवृत्त झालेले गुणाजी मास्तर नागावला राहत. ते रोज दुपारी यूनुसच्या ओटीवर त्याला इंग्रजी शिकवायला येऊ लागले. चार-पाच महिन्यांत यूनुस प्रश्न समजून साधी उत्तरं देऊ लागला. अडला तो तुलनेपाशी.

"इंग्रजीत शब्दच बदलतो," मास्तर म्हणाले. "डीप, डीपर, डीपेस्ट."

"आपल्यात खोल ते खोलच ऱ्हातं, मास्तर."

"हो. पण त्यांच्यात नाही राहत. दक्षिणेची वाट उत्तरेपेक्षा खोल आहे. म्हणा पाहू."

"साउथ वे नॉर्थ वे दॅन डीप."

हे आठवडाभर चाललं. मास्तर न चिडता दुरुस्त करत, आणि यूनुस पुन्हा तसंच म्हणे. रहिमुन्निसा आतल्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत असे. एक दिवस तिथूनच ती म्हणाली, "आपला 'पेक्षा' नावाच्या मागनं येतो, त्यांचा 'दॅन' नावाच्या पुढं चालतो. एवढंच हाय ना, मास्तर?"

"तीस वर्षं शिकवलं," मास्तर म्हणाले, "पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही."

त्या दिवसापासून यूनुसचा 'दॅन' जागेवर बसला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा मुंबईला गेला. साहेब तोच, प्रश्न तोच. दुभाष्या तोंड उघडणार तोच यूनुसने हात वर केला.

"नॉर्थ वे इज नॉट सो डीप ॲज बिफोर," तो सावकाश म्हणाला. "साउथ वे इज डीपर दॅन नॉर्थ वे."

साहेबाने नकाशावर बोट ठेवलं. यात तर उलट दिसतंय, तो म्हणाला. एवढं यूनुसला कळलं. पण याचं उत्तर मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं. त्याने शब्द एकेक करून जुळवले.

"साहेब, द मॅप इज ओल्डर दॅन द सँड."

साहेबाने नकाशाच्या कोपऱ्यातलं साल वाचलं. नकाशा तेवीस वर्षांपूर्वीचा होता. वाळू कधी साठली, किती साठली, भरतीला पाणी किती, असं तो विचारत गेला. यूनुस मोडक्या इंग्रजीत सांगत राहिला आणि साहेब लिहून घेत राहिला. यूनुस पास झाला.

ती हकिगत ऐकून मास्तरांनी नकाशाचं ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पावसाळा सरल्यावर खाडीची खोली मोजायला सरकारी होडी आली. वाट दाखवायला यूनुसला बोलावलं होतं. त्याने मास्तरांनाही सोबत घेतलं. जन्म किनाऱ्यावर गेला तरी मास्तर एवढ्या आत कधी आले नव्हते. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ते बसले होते. खलाशाने शिशाचा गोळा बांधलेली दोरी उत्तरेच्या वाटेवर सोडली. थोडी गेली आणि सैल पडली.

"टेकला?" मास्तरांनी विचारलं.

"टेकला," यूनुस म्हणाला, आणि त्याने होडी दक्षिणेकडे वळवायला सांगितली.